दुकानदाराचा सल्ला आणि कमिशनचें गणित



बाजारांत जाऊन एखादी वस्तु विकत घेणें हें वरवर पाहतां अगदीं साधें काम दिसतें. गिऱ्हाइकानें आपली गरज सांगावी, दुकानदारानें माल दाखवावा, भाव ठरावा, पैसे मोजावे आणि दोघांनींहि समाधानानें आपापल्या वाटेनें जावें, इतकाच हा व्यवहार. परंतु ह्या दोघांमध्यें पुष्कळदां एक तिसरा पक्ष अदृश्य रूपानें उभा असतो, आणि कोणता माल गिऱ्हाइकाच्या पुढ्यांत यावा व कोणता कपाटांतच राहावा हें तोच ठरवीत असतो. आज आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं असलेल्या स्मार्टफोनच्या उदाहरणावरून हा तिसरा पक्ष कोण, व त्याचें काम कसें चालतें, हें समजून घेण्याचा ह्या लेखांत विचार आहे.

प्रथम एक लहानशी हकीकत सांगतों. २०२० सालीं शाळा बंद पडल्या आणि वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरूं लागले, तें वर्ष तुमच्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल. माझ्या वर्गांतील एका मुलाची आई घाटकोपरला घरीं शिवणकाम करून संसार चालवीत असे. मुलाचे तास बुडूं नयेत म्हणून तिनें मोठ्या कष्टानें आठ हजार रुपये जमविले, शेजारच्या एका मुलाकडून साध्या पण टिकाऊ अशा फोनचें नांव कागदावर लिहून घेतलें, आणि ती स्टेशनजवळच्या एका दुकानांत गेली. तेथील विक्रेत्यानें कागद वाचला व म्हटलें, "मावशी, हा नका घेऊं, हा आतां कोणी घेत नाहीं. हा बघा, कॅमेरा केवढा छान आहे!" माउली परतली ती साडेअकरा हजारांचा फोन घेऊन, वरचे साडेतीन हजार हप्त्यांनीं फेडावयाचे होते. फोन वाईट नव्हता. फोटो सुरेख निघत. परंतु मुलाला फोटो काढावयाचे नव्हते, त्याला तासाला बसावयाचें होतें. आणि हप्ते फेडतां फेडतां दोन महिने त्या घरांत नेटचें रिचार्ज करण्यास पैसे उरले नाहींत. फोन घरांत होता आणि मुलगा वर्गांत नव्हता.

कांहीं महिन्यांनीं आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी मला रस्त्यांत भेटला. बोलतां बोलतां कळलें कीं तो त्याच दुकानांत कामाला आहे, आणि त्या बाईंना तो फोन त्यानेंच विकला होता. मीं पुढची हकीकत सांगितली तेव्हां त्यानें मान खालीं घातली. तो म्हणाला, "सर, त्या महिन्यांत त्या कंपनीचे दोन फोन विकायचे राहिले होते. ते विकले नसते तर माझा सबंध महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला असता. घरीं आई आजारी होती."

ह्या थोड्या शब्दांत आजचा सर्व विषय आला आहे. एका आईच्या मुलाचे तास आणि दुसऱ्या आईचें औषध हीं एकाच काउंटरच्या दोन बाजूंना उभीं होतीं. आणि त्यांची गांठ घालून देणारें गणित त्या दोघांपैकीं कोणीहि मांडलेलें नव्हतें. तें गणित आतां आपण मांडून पाहूं.

कमिशन कसें ठरतें?

कारखान्यांतून निघालेला फोन प्रथम वितरकाकडे जातो, वितरकाकडून किरकोळ दुकानदाराकडे, व तेथून गिऱ्हाइकाकडे. प्रत्येक टप्प्यावर कांहीं रक्कम त्या त्या मध्यस्थास मिळते. त्यांत अन्याय्य असें कांहीं नाहीं. दुकानाचें भाडें, विजेचें बिल, नोकरांचे पगार, मालांत गुंतलेलें भांडवल, हें सर्व त्यांतूनच भागवावयाचें असतें. आणि अंधेरी किंवा मुलुंडसारख्या ठिकाणीं स्टेशनच्या वाटेवरील गाळ्याचें भाडें काय असतें हें निराळें सांगावयास नको. प्रश्न उत्पन्न होतो तो एवढ्याचकरितां कीं ही रक्कम प्रत्येक कंपनीची निरनिराळी असते, आणि ती गिऱ्हाइकाला दिसत नाहीं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊं. 'अ' व 'ब' हे दोन फोन, प्रत्येकाची किंमत दहा हजार रुपये. 'अ' चें नांव लोकांच्या तोंडीं आहे. गिऱ्हाईक आपण होऊन तो मागतें. म्हणून त्याच्या कंपनीला दुकानदाराची मनधरणी करावी लागत नाहीं. ती एका फोनमागें ३०० रुपये देते. 'ब' बाजारांत नवा आहे. त्याची कंपनी ५०० रुपये देते, आणि शिवाय अशी योजना जाहीर करते कीं महिन्यांत ५० फोन विकले तर पहिल्या फोनपासून प्रत्येकावर आणखी २०० रुपये मिळतील. आतां कागद-पेन्सिल घ्या. ४९ फोन विकणाऱ्यास ४९ गुणिले ५००, म्हणजे २४,५०० रुपये मिळाले. ५० विकणाऱ्यास ५० गुणिले ७००, म्हणजे ३५,००० रुपये मिळाले. अर्थात् त्या शेवटच्या एका फोनचें मोल दुकानदाराला १०,५०० रुपये, फोनच्या सबंध किमतीहून अधिक! महिन्याच्या तीस तारखेला दुकानांत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला 'ब' ची एवढी स्तुति कां ऐकूं येते, ह्याचें उत्तर ह्या वजाबाकींत आहे. त्याच गिऱ्हाइकाला एक तारखेला कदाचित् निराळा सल्ला मिळाला असता. फोन तोच, गिऱ्हाईक तेंच, गरज तीच. बदलली ती केवळ तारीख.

कमिशनचीं रूपेंहि अनेक आहेत. कंपनीचें नांव छापलेला सदरा घालून दुकानांत उभा असलेला 'प्रमोटर' हा पुष्कळदां दुकानदाराचा नोकर नसतो. त्याचा पगार कंपनीकडून येतो, आणि त्या कंपनीचा फोन खपविणें हेंच त्याचें काम असतें. दारावरची झगझगीत पाटी व आंतील कांचेचें कपाट कंपनी स्वखर्चानें करून देते, आणि त्याच्या बदल्यांत दर्शनी जागा मिळविते. वितरक उधारीवर माल देतो. ज्याची उधारी मोठी, त्याचा माल आधीं खपविण्याची निकड मोठी. फोनचा भाव उतरला तर पूर्वी घेतलेल्या मालावरील तूट कांहीं कंपन्या भरून देतात, कांहीं देत नाहींत. जी देत नाहीं तिचा माल जवळ ठेवण्यास दुकानदार कचरतो. शिवाय, फोन खरोखर विकला गेला कीं केवळ कागदोपत्रीं, हें ताडून पाहण्याचें साधनहि कंपनीपाशीं असतें. कारण प्रत्येक फोनला आयएमईआय नांवाचा पंधरा आंकडी क्रमांक असतो, आणि फोन प्रथम चालू झाल्याची नोंद त्या क्रमांकावरून ठेवतां येते. म्हणून दुकानदाराचा बक्षिसाचा हिशेब बहुधा ह्या क्रमांकांवर चालतो.

दुकान आणि संगणकाचा बाजार

२०१४ सालापासून आपल्या देशांत ह्या व्यापाराच्या दोन वाटा स्पष्ट दिसूं लागल्या. त्या वर्षीं फेब्रुवारींत मोटोरोलाचा मोटो जी हा फोन, व जुलैंत शाओमीचा मी ३ हा १३,९९९ रुपयांचा फोन, फ्लिपकार्ट ह्या इंटरनेटवरील बाजारांतच मिळूं लागला. रस्त्यावरील दुकानांत तो ठेवलेला नव्हता. मधले टप्पे गाळल्यामुळें त्यांवरचा खर्च वांचला, आणि त्याचा कांहीं भाग कमी किमतीच्या रूपानें गिऱ्हाइकास मिळाला. त्याच सुमारास ओप्पो व विवो ह्या कंपन्या भारतांत आल्या. त्यांनीं नेमकी उलट वाट धरली. त्यांनीं दुकानदाराला हाताशीं धरलें, त्याला भरघोस कमिशन दिलें, आणि थोड्याच वर्षांत बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत स्टेशनाबाहेरच्या गल्ल्यांतील दुकानें त्यांच्या हिरव्या व निळ्या पाट्यांनीं झळकूं लागलीं. जाहिरातीवरहि पैसा ओतला गेला. २०१७ सालीं विवोनें इंडियन प्रीमियर लीग ह्या क्रिकेटच्या सामन्यांना पांच वर्षें आपलें नांव देण्यासाठीं २,१९९ कोटी रुपयांची बोली लावली. पुढें तो करार मुदतीपर्यंत टिकला नाहीं ही गोष्ट निराळी. पाटी, प्रमोटर, कमिशन आणि क्रिकेट, ह्या सर्वांचा खर्च शेवटीं फोनच्या किमतींतूनच निघावयाचा असतो, हें विसरतां कामा नये.

मग इंटरनेटवरचा बाजार निर्दोष म्हणावा काय? तसेंहि नाहीं. तेथें प्रमोटर नसतो, परंतु पडद्यावर कोणता फोन प्रथम दिसावा हें कोणीतरी ठरवीतच असतो. एकच फोन एकाच ठिकाणीं मिळावा अशा करारांविषयीं व मोठमोठ्या सवलतींविषयीं व्यापाऱ्यांनीं तक्रार केल्यावरून भारतीय स्पर्धा आयोगानें जानेवारी २०२० मध्यें ॲमेझॉन व फ्लिपकार्ट ह्यांच्या चौकशीचा आदेश दिला. उलट पक्षीं दुकानदारांच्या हातींहि शस्त्र असतें. एप्रिल २०२४ मध्यें दक्षिण भारतांतील संघटित किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेनें वनप्लस कंपनीस कळविलें कीं १ मेपासून तिचे फोन आमच्या दुकानांत विकले जाणार नाहींत. त्यांच्या तक्रारींत मुख्य तक्रार ही होती कीं विक्रींतील नफा फार अल्प आहे. ह्या इशाऱ्यांत महाराष्ट्रांतील कांहीं दुकानेंहि सामील होतीं. आतां विचार करा: ज्या फोनवर विक्रेत्याला फारसें कांहीं सुटत नाहीं तो फोन उत्तम असला तरी दुकानाच्या कपाटांतून नाहींसा होऊं शकतो, आणि गिऱ्हाइकाला त्याचें कारण कधींच कळत नाहीं.

दूरसंचार कंपनीचा करार

आतांपर्यंत आपण फोन करणारी कंपनी व दुकानदार ह्यांचाच विचार केला. परंतु फोन नुसता असून चालत नाहीं. त्याला दूरसंचार कंपनीची सेवा लागते. ह्या कंपनीचा करारहि कोणता फोन खपावा हें ठरवूं शकतो.

मुंबईंत १९९५ सालीं मोबाईल सेवा सुरू झाली तेव्हां मॅक्स टच व बीपीएल ह्या दोन कंपन्या होत्या. येणाऱ्या फोनलाहि पैसे पडत. तथापि एक गोष्ट आरंभापासून गिऱ्हाइकाच्या हिताची झाली: सिमकार्ड निराळें व फोन निराळा. फोन हवा तेथून घ्यावा, कार्ड हव्या त्या कंपनीचें घालावें. पुढें आगाऊ पैसे भरून बोलण्याची पद्धति आली, आणि आज आपल्या देशांत दहांपैकीं नऊंहून अधिक गिऱ्हाइकें त्याच पद्धतीचीं आहेत. त्यामुळें दोन-दोन वर्षांच्या कराराला येथें मूळ धरतां आलें नाहीं.

ह्याला अपवाद घडला तो २००३ च्या पावसाळ्यांत. रिलायन्स इन्फोकॉमनें 'मान्सून हंगामा' नांवाची योजना काढली व ५०१ रुपये भरतांच फोन हातांत ठेवला. लोकांची झुंबड उडाली. परंतु त्या फोनांत सिमकार्ड नव्हतें. क्रमांक यंत्रांतच भरलेला असे, म्हणून तें यंत्र दुसऱ्या कंपनीकडे नेतां येत नसे. उरलेली किंमत महिन्याच्या बिलांतून वसूल व्हावयाची होती. पुष्कळांनीं बिलें भरलीं नाहींत व कंपनीलाहि त्याचा फटका बसला. ५०१ रुपये ही फोनची किंमत नव्हे, तें केवळ दारांतून आंत येण्याचें तिकीट होतें, हें कित्येकांना मागाहून उमगलें.

ह्याच पद्धतीचें मोठें स्वरूप अमेरिकेंत दिसलें. २००८ सालीं ॲपलचा आयफोन ३जी तेथें १९९ डॉलरना मिळे; तोच फोन त्या वर्षीं २२ ऑगस्टला एअरटेल व व्होडाफोन ह्यांनीं भारतांत आणला तेव्हां त्याची किंमत ३१,००० रुपये, म्हणजे त्या वेळच्या दरानें सुमारें ७०० डॉलर होती. आमच्या लोकांना वाटलें, हा केवढा अन्याय! परंतु अमेरिकन गिऱ्हाइकाला एटी अँड टी कंपनीशीं दोन वर्षांचा करार करावा लागे, आणि आवाज व इंटरनेट मिळून महिना निदान ७० डॉलर भरावे लागत. २४ महिन्यांचे १,६८० डॉलर झाले. त्यांत १९९ मिळवा, म्हणजे १,८७९ डॉलरची बांधिलकी. फोनची उरलेली किंमत दूरसंचार कंपनी आपल्या पदरची भरी व दोन वर्षांत वसूल करून घेई. तिकडे फोन स्वस्त व हात बांधलेले. इकडे फोन महाग व हात मोकळे. दुसरी गोष्ट अशी कीं फेब्रुवारी २०११ पर्यंत अमेरिकेंत आयफोन ह्या एकाच कंपनीच्या सेवेसाठीं विकला जात होता. ज्याच्या गांवीं त्या कंपनीची सेवा चांगली नव्हती, त्यानें पैसे असूनहि दुसरा फोन पत्करला. फोनची निवड माणसानें केली असें दिसतें, परंतु खरी निवड दोन कंपन्यांच्या करारानें केली होती.

आमच्याकडे गिऱ्हाइकाचे हात आणखी मोकळे झाले ते २० जानेवारी २०११ रोजीं, जेव्हां क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय सबंध देशांत झाली. बीपीएलचें नांव पुढें लूप असें झालें होतें. त्या कंपनीचा परवाना नोव्हेंबर २०१४ मध्यें संपला तेव्हां मुंबईंतील तिच्या गिऱ्हाइकांना आपला जुना क्रमांक घेऊन दुसरीकडे जातां आलें, आणि सिमकार्ड निराळें असल्यामुळें फोन टाकून द्यावे लागले नाहींत. हें दृश्य २००३ च्या बांधलेल्या फोनाशीं ताडून पाहा, म्हणजे 'मोकळा फोन' ह्या शब्दांचें मोल कळेल.

तरी हप्त्याचा मोह नवनव्या वेषांत परत येतच असतो. नोव्हेंबर २०२१ मध्यें जिओफोन नेक्स्ट हा फोन रोखीनें ६,४९९ रुपयांस जाहीर झाला. ज्याला एकरकमी देणें शक्य नाहीं त्यानें १,९९९ रुपये व ५०१ रुपये शुल्क भरावें, आणि २४ महिने दरमहा ३०० रुपये द्यावे, अशीहि एक योजना होती. बेरीज करा: ७,२००, अधिक १,९९९, अधिक ५०१, म्हणजे ९,७०० रुपये. ह्या हप्त्यांत दूरसंचार सेवेचाहि कांहीं भाग होता, म्हणून ही तुलना करतांना ती सेवा आपणांस लागणारच होती काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. ज्याला ती लागणारच होती त्याला ही योजना सोयीची. ज्याला नको होती त्याला महाग. गणित एकच, उत्तर घरागणिक निराळें.

पालकांनीं काय करावें?

पहिली गोष्ट, गरज घरीं ठरवावी, दुकानांत नव्हे. फोन कशासाठीं हवा, किती रुपयांपर्यंत, आणि दरमहा रिचार्जला किती उरावे, ह्या तीन ओळी कागदावर लिहून खिशांत ठेवाव्या. दुकानांतील दिव्यांच्या झगमगाटांत ह्या तीन ओळींचा फार आधार होतो.

दुसरी गोष्ट, विक्रेत्यानें मागितलेला फोन बाजूस सारून दुसरा पुढें केला तर रागावूं नये, पण शांतपणें विचारावें, "हा कां नको? त्यांत काय उणें आहे?" खरें कारण असेल तर तो सांगेल, नसेल तर त्याच्या उत्तरावरूनच तें कळेल. निदान दोन दुकानें पाहावीं, आणि तीं एकाच दिवशीं न पाहतां एक रात्र मधें जाऊं द्यावी.

तिसरी गोष्ट, हप्त्यांची एकूण बेरीज केल्याशिवाय सही करूं नये. 'विनाव्याज हप्ता' हे शब्द कानांस गोड लागतात. परंतु सप्टेंबर २०१३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें बँकांना स्पष्ट बजावलें कीं शून्य टक्के व्याज अशी वस्तुच अस्तित्वांत नाहीं. तें व्याज कोठें तरी, शुल्कांत किंवा नाकारलेल्या सुटींत, दडलेलें असतें. रोखीनें घेतल्यास भाव किती, हें विचारतांच तें बाहेर येतें.

चौथी गोष्ट, पक्कें बिल घ्यावें, व त्यावर आयएमईआय क्रमांक लिहिला आहे कीं नाहीं तें पाहावें. फोनवर *#०६# हीं चिन्हें दाबलीं म्हणजे तो क्रमांक दिसतो. खोक्यावरचा, बिलावरचा व फोनमधला असे तिन्ही जुळले पाहिजेत. छापील किंमत ही अधिकांत अधिक किंमत असते. तीहून कमी भाव मागण्यांत लाज नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें बिल न देणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे, आणि तक्रारीसाठीं १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

ह्या कामीं आपल्या उपनगरांना एक चांगली परंपराहि लाभली आहे. १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. कुटुंबांनीं गट करून महिन्याची यादी द्यावी, माल एकत्र खरेदी व्हावा, आणि सभासदांनीं आपसांत वांटून घ्यावा, ही तिची रीत. मधल्या हातांवर होणारा खर्च एकजुटीनें वांचवितां येतो हें तिनें दाखवून दिलें. फोन कांहीं दरमहा घ्यावयाची वस्तु नव्हे. परंतु चाळींतल्या किंवा सोसायटींतल्या चार घरांनीं आपापले अनुभव एकमेकांस सांगितले, तर तोहि एक प्रकारचा गटच होय, आणि त्याला कोणाचें कमिशन नसतें.

शेवटीं दोन शब्द तुम्हां विद्यार्थ्यांना. तुमच्यापैकीं कांहीं जण उद्यां काउंटरच्या ह्या बाजूला असतील, कांहीं त्या बाजूला. कमिशन मिळविणें हें पाप नव्हे. मेहनतीचा तो मोबदला आहे. परंतु सल्ला आणि विक्री ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यानें सल्ला द्यावा त्यानें आपला लाभ कोठें आहे तेंहि सांगावें, किंवा निदान समोरच्याची गरज विचारल्याशिवाय बोलूं नये. आणि जे पुढें दुकानाचे मालक किंवा कंपनीचे अधिकारी होतील त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं नोकराचा सबंध महिना शेवटच्या दोन फोनांवर टांगून ठेवला म्हणजे त्याचा प्रामाणिकपणाहि तेथेंच टांगला जातो.

त्या जुन्या विद्यार्थ्याची हकीकत अर्धीच राहिली. आमची भेट झाली त्याच्या पुढच्या रविवारीं तो त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरीं गेला व तीन महिन्यांचें रिचार्ज त्यानें स्वतःच्या पैशांनीं करून दिलें. तो अजून त्याच दुकानांत आहे. महिन्याचा आंकडा त्याला अजूनहि गांठावाच लागतो. परंतु आतां गिऱ्हाईक आंत आलें म्हणजे तो फोन काढण्यापूर्वीं विचारतो, "मावशी, फोन कशाला हवा आहे?" दुकानांत शिरतांना हाच प्रश्न आपण आपल्याला आधीं विचारून ठेवला, तर पुष्कळ घरांचे पुष्कळ रुपये, आणि पुष्कळ मुलांचे पुष्कळ तास, वांचतील.